पिशव्यांपाशी कोण बसलं होतं?

डोंबिवलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मूळ पत्र चार पानी आहे, जागेअभावी थोडक्यात देते.

"ताई, नमस्कार. वय ४३, पतपेढीत नोकरी. घरात यजमान, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला मुलगा, चौथीतली मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. दिवाळीपासून आम्ही सहा वेळा बाहेर पडलो. एक मोठं थीम पार्क, मॉलमधला गेम झोन, एक रिसॉर्ट, दोन सिनेमे आणि मार्चअखेर वॉटर पार्क. मी हिशेबाची वही ठेवते. सगळं मिळून २६,४०० रुपये झाले. यजमान हौशी आहेत. लहानपणी शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला गेली तेव्हा घरी पैसे नव्हते म्हणून ते एकटे मागे राहिले होते. आता मुलांना काही कमी पडू द्यायचं नाही, असं ते म्हणतात. पण दर वेळी परतताना कुणीतरी रुसलेलं असतं. थीम पार्कात उंची कमी पडली म्हणून मुलीला दोन राइडना बसू दिलं नाही, ती दिवसभर रडवेली. मुलगा फोनमध्ये. सासूबाई 'तुम्ही जाऊन या, मी घर बघते' म्हणतात. वॉटर पार्कहून आल्यावर यजमानांनी विचारलं, 'आली ना मजा?' मी 'हो' म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. एवढी हौस करणारा नवरा आणि मी रडते, मी कृतघ्न आहे का? आता मेमध्ये पुन्हा थीम पार्कला जाऊ, वर्षाचा पासच काढू, असं त्यांच्या मनात आहे. काय करू?"

ताई,

तुम्ही कृतघ्न नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि प्रत्येक सहलीत कोण कुठे होतं ते समासात लिहीत गेले. यजमान कुठल्या राइडमध्ये बसले ते तुम्ही लिहिलंय. मुलाने काय खाल्लं, मुलगी कशावरून रडली, पार्किंगचे किती झाले, सगळं आहे. तुम्ही कुठे होतात ते चार पानांत फक्त चार वेळा येतं. तीन वेळा "मी पिशव्यांपाशी होते" आणि एकदा, सिनेमाच्या वेळी, "मी मुलीला घेऊन बाहेर पॅसेजमध्ये होते". मला वाटतं, रडू तिथून येतंय. सहा सहली झाल्या, त्यात तुमची एकही नव्हती.

मला ते बाक माहीत आहे. माझी मुलं लहान असताना आम्ही दोन कुटुंबं मिळून एका वॉटर पार्कला गेलो होतो. मी "तुम्ही व्हा पुढे, मी सामान बघते" म्हणून सिमेंटच्या एका बाकावर बसले ती चार तास. शेजारी ओल्या टॉवेलांचं बोचकं. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन चष्मे, दोन घड्याळं आणि कुणाचं तरी मंगळसूत्र. मुलं अधूनमधून धावत यायची, पाणी प्यायची, माझ्या साडीवर चार थेंब शिंपडून पुन्हा पळायची. दुपारी तीनच्या सुमाराला पलीकडच्या बाकावरच्या एक बाई, त्याही पिशव्या सांभाळत बसलेल्या, मला म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी बघते. मग मी जाते." मी नाही म्हणत होते. त्यांनी माझी पिशवी स्वतःकडे ओढूनच घेतली. मी भाड्याचा तो नायलॉनचा पोशाख चढवला आणि लाटांच्या तलावात गेले. वीस मिनिटं. पहिली लाट छातीवर आली तेव्हा मी इतक्या मोठ्याने ओरडले की माझा धाकटा घाबरून माझ्याकडे आला. त्या दिवसातलं मला बाकी काही आठवत नाही. ती लाट मात्र अजून अंगावर आहे. त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही, याची आजही चुटपुट लागते.

म्हणून पहिली गोष्ट. यापुढे जिथे लॉकर भाड्याने मिळतो तिथे तो घ्यायचा. सव्वीस हजार खर्च करणाऱ्या घरात लॉकरच्या भाड्यावरून घासाघीस होते आणि त्या भाड्याऐवजी एक अख्खं माणूस दिवसभर बाकावर बसतं, हा हिशेब तुमच्या वहीत एकदा मांडून बघा. लॉकर नसेल तर पाळी लावायची. पहिला दीड तास यजमान बसतील, मग तुम्ही, मग मुलगा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा तासभर सामान सांभाळू शकतो. त्याला नाहीतरी फोन बघायचाच आहे, तो बाकावर बसून बघेल. पाळी घरून निघण्याआधीच ठरवा, गेटवर नाही. गेटवर तुम्ही सवयीने "असू दे, मी बसते" म्हणाल.

दुसरी गोष्ट त्या 'वसूल' शब्दाची. तुमच्या पत्रात तो पाच वेळा आला आहे. थीम पार्कचं तिकीट दारातच एकरकमी घेतात, आत गेल्यावर प्रत्येक राइडचे वेगळे पैसे नसतात. त्यामुळे आत पाऊल टाकल्यापासून डोक्यात भागाकार सुरू होतो. पाच राइड झाल्या, अजून पाच झाल्या तर पैसे वसूल. सुट्टीच्या दिवशी मोठ्या राइडला पाऊण तास रांग आणि प्रत्यक्ष राइड दोन-तीन मिनिटांची. असं सहा वेळा केलं की माणूस घरी येतो तो वसुलीला गेलेल्या कारकुनासारखा, दमून आणि चिडून. आणि तुम्ही तर पतपेढीतच काम करता. आठवडाभर थकीत कर्जांच्या याद्या बघायच्या आणि रविवारी पुन्हा वसुलीच?

म्हणून पास काढू नका. तुमचा प्रश्न थेट होता, उत्तरही थेट देते. पास काढला की वर्षभर तो भागाकार चालू राहील, "पास आहे ना, मग चला" म्हणत प्रत्येक मोकळा रविवार तिथेच जाईल. आणि मे महिन्यात तर अजिबात नको. रांगा उन्हात, तापलेल्या फरशीवर, आणि अख्ख्या महाराष्ट्राची मुलं सुट्टीवर. जायचंच असेल तर जूनमध्ये शाळा उघडण्याआधीचा मधला वार गाठा, नाहीतर दिवाळीनंतर एखाद्या मंगळवारी-बुधवारी दोघांनी रजा टाका. तेव्हाही तीनच राइड ठरवायच्या. सगळ्यात गर्दीची राइड गेट उघडल्या उघडल्या. जेवण साडेअकराला उरकून घ्यायचं, म्हणजे एक ते अडीच, बाकीचे ताटं घेऊन उभे असतात तेव्हा, तुमच्यासाठी रांगा आखूड. चार वाजता निघायचं. सहा राइड राहिल्या तर राहू द्या.

मुलीच्या उंचीचं मला फार वाईट वाटलं. त्या उंचीच्या पट्टीपाशी उभं राहून सगळ्यांसमोर "नाही" ऐकणं म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलीला नापास झाल्यासारखं वाटतं. तो नियम बरोबरच आहे, कमी उंचीच्या मुलाला सुरक्षेची दांडी नीट बसत नाही. पण तो तिला घरी कळायला हवा होता. कुठल्या राइडला किती उंची लागते हे आधी फोन करून किंवा पार्कच्या माहितीत बघून घ्या. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करा, तिला तिथे उभं करा. कुठे बसता येईल, कुठे अजून वर्षभर थांबावं लागेल, हे तिचं तिला दिसेल. मग ती स्वतःच यादी करेल.

आता सिनेमा. हा मला थीम पार्कपेक्षा सोपा वाटतो, कारण अंधारात पिशव्या मांडीवरच असतात आणि सगळे शेजारी शेजारी बसतात. तुमचं बिघडलं ते निवडीत. डिसेंबरचा तो मारधाडीचा सिनेमा मुलाने निवडला होता. मुलगी दोनदा घाबरून बाहेर आली आणि तुम्ही तिच्याबरोबर. म्हणजे तुम्ही दोघींनी अर्धाच सिनेमा पाहिला. तिकीट काढताना सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघत जा. २०२४ पासून 'यूए'चे तीन भाग झाले आहेत. ७+, १३+ आणि १६+. पालकांनी विचार करून ठरवावं म्हणूनच ते आकडे लिहिलेले असतात. १३+ किंवा १६+ दिसलं की तो सिनेमा मुलाचा, मुलीचा नाही, एवढं समजा. मग तो त्याला मित्रांबरोबर बघू द्या. हे ऐकून यजमान दचकतील, पण ज्या मुलाने दहावीची परीक्षा दिली त्याला दुपारच्या खेळाला मित्रांबरोबर जाता यायला हवं. जाण्या-येण्याची वेळ ठरवा, तिकिटाचे पैसे द्या, सोडा. फोनमधून डोकं वर काढण्याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही. घरच्यांच्या सिनेमाला मग तो येईल तेव्हा आनंदाने येईल. निवड पाळीपाळीने. एकदा मुलगी, एकदा यजमान, एकदा सासूबाई, एकदा तुम्ही. तुमच्या पाळीला "कोणताही चालेल" म्हणायचं नाही.

खर्चाचं म्हणाल तर शनिवार-रविवारच्या संध्याकाळपेक्षा सोमवार ते गुरुवारचे सकाळचे खेळ बहुतेक ठिकाणी बरेच स्वस्त असतात. सुट्टीत मुलांना त्या दिवशी जाता येतं. आणि पाण्याच्या बाटलीवरून तुमचं जे भांडण झालं त्याबद्दल एक माहिती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू द्यायचे की नाही हे चित्रपटगृह ठरवू शकतं, पण प्रेक्षकांना पिण्याचं स्वच्छ पाणी त्यांनी मोफत दिलं पाहिजे. तान्ह्या बाळाचं खाणं आई-वडील नेऊ शकतात. तेव्हा पाणी विकत घेण्याआधी आतल्या माणसाला विचारा, नळ कुठे आहे. नीट विचारलं की दाखवतात.

यजमानांविषयी लिहिताना माझा हात जरा थांबतो. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मी त्या ओळीवर बराच वेळ होते. गोराईचं एस्सेलवर्ल्ड सुरू झालं १९८९ मध्ये. त्या वर्षांत मुंबई-ठाण्यातल्या किती शाळांच्या सहली तिकडे गेल्या असतील. बोटीतून खाडी ओलांडून जायचं, हेच केवढं अप्रूप. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे त्याच गप्पा मारत असणार आणि एक मुलगा गप्प बसून ऐकत असणार. तो मुलगा आता पंचेचाळिशीचा झाला आहे आणि मुलांना घेऊन गेटवर सर्वांत आधी उभा राहतो. ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं, म्हणजे त्यांची राहून गेलेली सहल आता कधीच होणार नाही. त्यांनी हे मुलांना कधी सांगितलंय का? तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. एखाद्या रविवारी बोरिवलीला जा, गोराईच्या जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडा. पलीकडे विपश्यनेचा पॅगोडा आहे, मध्ये एकही खांब नसलेला प्रचंड घुमट, तो मुलांना दाखवा. आणि बोटीत, वारा लागत असताना, त्यांना म्हणा, "तुमच्या शाळेच्या सहलीचं सांगा ना पोरांना." वडील पैसे खर्च करतात हे मुलांना दिसतं. ते का करतात हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

आणि त्यांच्याशी बोलताना "तुमच्या सहलींचा मला त्रास होतो" अशी सुरुवात करू नका. त्यांना आपली हौस फेटाळल्यासारखी वाटेल. "मला पण त्या राइडमध्ये बसायचंय, तुमच्या शेजारी" असं म्हणा. खरंही तेच आहे ना?

सासूबाई. "तुम्ही जाऊन या, मी घर बघते" हे वाक्य मी माझ्या सासूबाईंच्या तोंडून वीस वर्षं ऐकलं आणि वीस वर्षं त्याचा अर्थ 'मला यायचं नाही' असाच घेतला. त्यांचा अर्थ होता, 'माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको'. एकदा नाटकाचं एक तिकीट जास्तीचं आलं म्हणून त्यांना गडकरी रंगायतनला नेलं. पहिल्या अंकात त्या पदराने डोळे पुसत होत्या, मध्यंतरात बटाटावडा खाताना मला म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा नाटक बघतेय." तोवर घरात चार वेळा सगळ्यांची नाटकं झाली होती. मला तो वडा गिळवेना.

तुमच्या सासूबाईंना "येता का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर 'नाही' हेच येणार. "लहानपणी कुठे जायचात?" असं विचारा. उत्तर मिळेल ते जवळचंच असेल. नाटक म्हणाल्या तर डोंबिवलीतच सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, खुर्ची मागच्या रांगेत पण कडेची घ्या, म्हणजे पाय लांब करता येतील. राणीची बाग म्हणाल्या तर भायखळा. तिथे मुलं पेंग्विन बघतील, पण सासूबाईंना झाडं दाखवा. ती बाग मुळात झाडांची आहे, १८६० च्या दशकातली, आणि तिथल्या जुन्या गोरखचिंचेच्या बुंध्याला हात लावला की माणूस आपोआप गप्प होतो. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. त्याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' नाव दिलं, हे मुलीला सांगितलंत तर ती शाळेत जाऊन दहा जणींना सांगेल. बुधवारी मात्र दोन्ही बंद. खुद्द घारापुरीला सासूबाईंना नेऊ नका. बोटीतली चढ-उतार आणि वरच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत.

एक आणखी, आणि ते फक्त तुमच्यासाठी. महिन्यातून एकदा एकटीने बाहेर पडा. सिनेमाला जा, सकाळच्या खेळाला, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून. आपल्या पिढीतल्या कितीतरी बायका आयुष्यात एकदाही एकट्या थिएटरात गेलेल्या नाहीत, 'लोक काय म्हणतील' म्हणून. लोक पडद्याकडे बघत असतात हो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मध्यंतरापर्यंत अंग चोरून बसले होते. नंतर कुणालाही न विचारता कॉफी घेतली आणि ती गरम असतानाच प्यायले. ही रक्कम वहीत 'करमणूक' खात्यात लिहा, 'इतर' मध्ये नको.

मेसाठी थीम पार्कऐवजी काय, असं यजमान विचारतील. तयार उत्तर देऊन ठेवते. अंबरनाथचं शिवमंदिर. डोंबिवलीहून लोकलने ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, की अंबरनाथ. सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे धावत असते, तुम्ही उलट्या दिशेने जाल, बसायला जागा मिळेल. रविवार असेल तर आदल्या रात्री मेगाब्लॉक कुठे आहे तेवढा बघून घ्या. स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षा. मंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं, बाहेरच्या भिंतीवर इतकी शिल्पं की मुलगी मोजत बसेल आणि मुलगा, मी पैज लावते, फोटो काढण्यासाठी का होईना, फोनमधून डोळे काढून भिंतीकडे बघेल. सकाळी आठच्या आत पोचा, दगड तापलेला नसतो. डबा घरून न्या, पण तो आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून भरायचा, तुम्ही एकटीने पहाटे चारला उठून नाही.

गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, आत पायऱ्या उतरून जावं लागतं. सासूबाईंना सभामंडपात खांबाला टेकून बसू द्या, तिथलं कोरीव छत बघण्यात त्यांचा वेळ छान जाईल. मुलं धावत खाली गेलेली असतील. तुम्ही सवयीने वरच थांबाल, पिशव्यांपाशी. थांबू नका. पिशव्या यजमानांच्या हातात द्या, चपला बघायला सांगा आणि खाली उतरा. आत गारवा असतो.